काकांच्या जलरंगांची वेबसाइट : प्रकल्प नोंदी

काका कोल्हापूरचे. शाळेत कलाशिक्षक होते, आता निवृत्त. पारदर्शक जलरंगात निसर्गचित्रं मात्र नोकरीच्या आधीपासून आजपर्यंत सुरू आहेत. त्यांची वेबसाइट मी पुण्यातली नोकरी सांभाळून, सुट्टीला कोल्हापुरात जाऊन जाऊन केली. त्या त्या वेळी लिहिलेल्या या नोंदी आहेत. स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या चित्रांसाठी असं काम हातात घेणाऱ्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून इथे देते आहे.

20 ऑक्टोबर 2024

दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या कलादालनात काकांचं प्रदर्शन झालं होतं. तिथे पाहिलेलं पंचगंगा घाटाचं एक चित्र अजून आहे का, अशी मुंबईहून एकांनी चौकशी केली. "घाटाचं कुठलं?" काकांनी मलाच विचारलं. घाट त्यांनी आयुष्यभर रंगवलाय. विचारणाऱ्यांना एवढंच आठवत होतं की सकाळची वेळ होती आणि पाण्यात देवळांची निळसर प्रतिबिंबं होती. मी काकांच्या इन्स्टाग्रामवर मागे मागे जात राहिले. रील, डेमोचे व्हिडिओ, दिवाळीच्या शुभेच्छा आणि मधूनच एखादं चित्र. चित्राखाली ना माप, ना साल. चित्र अखेर सापडलं, पण ते विकलं गेलंय की माळ्यावर आहे, हे घरात कुणालाच सांगता येईना. आमचं उत्तर जाईपर्यंत त्यांनी दुसरीकडून काहीतरी घेतलं होतं.

त्यामुळे कामाची दिशा ठरली. चित्रकाराची वेबसाइट ही आधी त्याच्या कामाची नोंदवही असली पाहिजे. कुठलं चित्र, केव्हाचं, केवढं, कुठे आहे, आणि हवं असेल तर कुणाला विचारायचं, इतकं तिनं बिनचूक सांगितलं तरी पुष्कळ झालं.

आज फक्त डोमेन घेतलं. डॉट इन, वर्षाला साधारण सातशे रुपये. वेळ गेला तो नावाच्या स्पेलिंगवर. जुन्या कॅटलॉगांत काकांचं आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी छापलंय. चित्रांवर ते सही देवनागरीत करतात, त्यामुळे तिथूनही निर्णय होईना. शेवटी बँकेच्या पासबुकावर आहे ते धरलं. डोमेन काकांच्याच नावावर आणि त्यांच्याच ईमेलवर घेतलं. ते करून देणाऱ्याच्या नावावर राहिलं की पुढे भांडणं होतात, हे ऑफिसात पुरेसं पाहिलंय.

27 ऑक्टोबर

वेबसाइट तयार करून देणाऱ्या एका सेवेचं वर्षाचं सभासदत्व घेतलं होतं, साडेतीन हजारांच्या आसपास. नमुने सुंदर होते: पांढरी पार्श्वभूमी, मोठं चित्र, खाली बारीक अक्षर. इंग्रजी काढून मराठी टाकलं आणि सगळं मोडलं. शीर्षकांत अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं होतं. रोमनला ते शोभतं, पण देवनागरीची शिरोरेषा त्यानं तुटते आणि प्रत्येक अक्षर वेगळं लटकतं. ओळींतलं अंतर इतकं कमी की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले गेले. ठळक अक्षरांचा मराठी फॉन्ट नव्हताच, तेव्हा ब्राउझरनं साधंच अक्षर जाड करून दाखवलं आणि जोडाक्षरं भरून गेली.

काकांनी शाळेत वर्षानुवर्षं अक्षरलेखन शिकवलंय. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे कुणाला दाखवू नकोस गं."

यातलं निम्मं दुरुस्त करायची सोय वरच्या दराच्या योजनेत होती. ती घेतली नाही. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. कुठल्याही तयार नमुन्याचे पैसे भरण्याआधी त्यात 'पंचगंगेच्या किनाऱ्यावरची धूसर सकाळ' यासारखं वर-खाली मात्रा असलेलं वाक्य शीर्षकात टाकून फोनवर पाहा. पाच मिनिटांत कळतं.

3 नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी नोंदवहीला दिली. माळ्यावरच्या पेट्या, कपाटावरचे पोर्टफोलिओ, काकूंच्या गाद्यांखाली सपाट ठेवलेले कागद, सगळं खाली काढलं. प्रत्येक चित्राला क्रमांक, शीर्षक, साल, माप, कागद, स्थिती. माप माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट) सोडून फक्त चित्राचं, आधी उंची मग रुंदी, इंचांत. आपल्याकडे गॅलरीवाले, फ्रेमवाले आणि घेणारे सगळे इंचातच बोलतात.

पहिल्या फटक्यात क्रमांकांची पद्धत फसली. साल आणि अनुक्रम असं 2016-04 लिहीत होते. स्प्रेडशीटनं त्याची एप्रिल 2016 अशी तारीख केली. लक्षात येईपर्यंत बराच तक्ता भरून झाला होता. आता आधी एक अक्षर, मग साल, मग तीन आकडी अनुक्रम. क्रमांक चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहायचा. बॉलपेननं लिहिलं तर कागदावर दाब उमटतो आणि शाई पुढे झिरपायची भीती.

साल हा सगळ्यांत अवघड रकाना. तरुणपणी काका सहीखाली साल टाकत नसत. कागदाचा जलचिन्हाचा भाग, प्रदर्शनांची जुनी पत्रकं, रंकाळ्याच्या काठावर कुठली इमारत आहे आणि कुठली अजून नाही, यांवरून अंदाज बांधले. जिथे अंदाज आहे तिथे 'अंदाजे' असंच लिहिलं. काकूंची आठवण काकांपेक्षा पक्की निघाली. "हे थोरलीच्या लग्नाच्या वर्षीचं" असं त्या सांगायच्या आणि बहुतेक वेळा कागदपत्रांशी जुळायचं.

स्थितीचे पर्याय पाच ठेवले: संग्रही, विकलं, भेट दिलं, ठावठिकाणा नाही, नष्ट. शेवटचा पर्याय 2019 च्या पुरामुळे. त्या ऑगस्टमध्ये खालच्या मजल्यावर पाणी शिरलं आणि दोन पोर्टफोलिओ गेले. ती चित्रं नोंदवहीत घ्यायची की नाही यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "केली होती ना मी? मग लिही."

10 नोव्हेंबर

फोटो काढायला घेतले. सगळे टाकून द्यावे लागले.

व्हरांड्यात उत्तरेचा उजेड येतो, म्हणून चित्रं तिथे लावली. उजेड मऊ होता, सावली नव्हती, डोळ्यांना सगळं छान दिसत होतं. संगणकावर पाहिलं तर कोऱ्या ठेवलेल्या पांढऱ्या जागांवर हिरवट छटा. अंगणातला आंबा आणि जमिनीच्या लाल फरश्या, दोघांचा रंग कागदावर पडत होता. वर हिरवा, खाली तांबूस. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. तो बिघडला की सगळं चित्र बिघडतं.

फोननं काढलेल्या फोटोंत आणखी एक गोष्ट गेली. अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या ग्रेनमध्ये बसून जो दाणेदार पोत येतो, तो फोननं गुळगुळीत केला. काकांची आभाळं त्या पोतावरच उभी असतात. फोन जवळून रुंद कोनात टिपतो, त्यामुळे चित्राच्या कडाही बाहेर फुगल्या होत्या.

17 नोव्हेंबर

काकांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं डीएसएलआर, 50 मिमी लेन्स आणि ट्रायपॉड दिला. दोन एलईडी दिवे मी घेतले, जोडी साडेचार हजारांना. रंग नीट दाखवणारे दिवे हवेत. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 95 किंवा वर लिहिलेलं पाहून घ्या. घरातल्या साध्या एलईडी बल्बखाली तांबडे मळतात. एक ग्रे कार्ड (उजेड मोजायला वापरतात तो राखाडी पुठ्ठा), चारशे रुपये.

आतल्या खोलीत खिडक्या जाड पडद्यांनी बंद केल्या. चित्र भिंतीवर सरळ उभं, दोन्ही बाजूंना दिवे 45 अंशांवर, चित्रापासून पुरेसे लांब. दिवे जवळ असले की कडा उजळ आणि मधला भाग दबलेला येतो. ग्रे कार्ड मधोमध आणि चारही कोपऱ्यांत धरून उजेड सारखा आहे का ते आधी तपासलं. कॅमेऱ्याची सेटिंग: आयएसओ 100, छिद्र एफ 8, टायमर लावून.

कॅमेरा चित्राला समांतर आहे का, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. यावर त्या विद्यार्थ्यानं दाखवलेली युक्ती: चित्राच्या मधोमध छोटा सपाट आरसा टेकवून धरायचा. कॅमेऱ्यातून पाहताना आरशात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्ये दिसलं की कॅमेरा सरळ. यानं मागाहून कडा सरळ करण्यात जाणारा सगळा वेळ वाचला.

कॅमेऱ्यावर एक्स्पोजर सोडलं तर तो पांढऱ्या कागदाला राखाडी करतो. साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) वाढवावं लागलं. पण कागद पूर्ण पांढरा होऊ द्यायचा नाही, नाहीतर अगदी फिके वॉश (पातळ रंगाचे थर) उडतात.

फ्रेममधली चित्रं काचेतून टिपायचा प्रयत्न केला. आमच्या दिव्यांची, पडद्याची, माझ्या हाताची, सगळ्यांची प्रतिबिंबं आली. शेवटी फ्रेमवाल्याला बोलावून फ्रेमा उघडल्या. प्रत्येकी दीडशे रुपये, परत बंद करण्यासह. यात एक फायदा झाला: काही जुने माउंट पिवळे पडून त्यांचा डाग चित्राच्या कडेला उतरू लागला होता, काहींवर बुरशीचे ठिपके होते. ते माउंट बदलले. नाहीतर हे कुणाला कळलंच नसतं.

24 नोव्हेंबर

रंगांवर भांडण. खरं तर भांडण स्क्रीनचं होतं.

मी लॅपटॉपवर रंग जुळवले. काकांनी त्यांच्या फोनवर पाहिलं. "हा जांभळा माझा नाही." मी जांभळा उतरवला. मग लॅपटॉपवर तो मेलेला दिसू लागला. असं बराच वेळ चाललं. शेवटी फोनच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर डिस्प्ले 'व्हिव्हिड'वर होता. तो सगळेच रंग भडक दाखवतो. 'नॅचरल' केल्यावर दोघांचं पुष्कळसं जुळलं.

हिरव्यांचा प्रश्न तरीही उरला. पन्हाळ्याच्या पावसाळी चित्रांतले सगळे हिरवे वेबसाइटवर चढवल्यावर धुवट दिसत होते, माझ्याकडच्या मूळ फाइलीत मात्र ठीक. कॅमेरा ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीवर लावलेला होता. चित्रं लहान करणाऱ्या माझ्या स्क्रिप्टनं रंगांचं प्रोफाइल (फाइलीतले रंगांचे आकडे कुठल्या पद्धतीचे हे सांगणारी नोंद) काढून टाकलं, आणि ब्राउझरनं ते आकडे वेबवरच्या नेहमीच्या एसआरजीबी पद्धतीचे समजून दाखवले. आता आधी एसआरजीबीत रूपांतर, मग लहान करणं, आणि प्रोफाइल फाइलीत ठेवायचं. सगळी चित्रं पुन्हा काढून चढवावी लागली.

ठरवलेली पद्धत: मूळ चित्र दिव्याखाली शेजारी ठेवून, स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवून काकांनी स्वतः होकार द्यायचा. त्यानंतर बदल नाही. बाकीच्या जगाच्या स्क्रीनवर आपलं नियंत्रण नाही.

8 डिसेंबर

विकल्या गेलेल्या चित्रांचे फोटो नाहीत. जुन्या कॅटलॉगांतून स्कॅन केले तर छपाईच्या ठिपक्यांमुळे आभाळात जाळी उमटली. स्कॅनरमधला 'डीस्क्रीन' पर्याय लावून आणि 600 डीपीआयवर स्कॅन करून मग लहान केल्यावर जाळी गेली, पण तपशीलही थोडा गेला. अशा चित्रांखाली 'कॅटलॉगमधून' असं लिहिलं. पुरात गेलेल्यांपैकी काहींचे पोस्टकार्ड आकाराचे फोटो काकूंच्या अल्बमात सापडले. त्यांचे रंग लालसर झालेत. ते सुधारत बसले नाही. मूळ रंग आता कुणाला ठरवता येणार नाहीत.

15 डिसेंबर

काकांना सगळी चित्रं पहिल्या पानावर हवी होती. मला थोडी हवी होती. मधला मार्ग असा: पहिल्या पानावर काकांनी निवडलेली थोडी चित्रं, विषयांप्रमाणे नव्हे तर काळाप्रमाणे लावलेली, आणि 'सर्व नोंदी' हे वेगळं पान, तिथे सगळी, छोट्या आकारात, माप-साल-स्थितीसह. विषयवार लावलं तेव्हा सगळे घाट एका ठिकाणी आणि सगळी झाडं एका ठिकाणी येऊन हात कसा बदलत गेला हे दिसेनासं झालं. काळाप्रमाणे लावल्यावर पहिल्यांदा मलाच दिसलं की 1990 नंतर काकांनी काळपट सावल्या सोडल्या आणि सावलीत रंग भरू लागले.

व्यक्तिचित्रं काढून ठेवली. लोकांनी पैसे देऊन करून घेतलेली पोर्ट्रेट बरीच आहेत. माझा समज होता की चित्र विकलं तरी प्रताधिकार चित्रकाराचाच. साध्या विक्रीबाबत ते खरं आहे. पण 1957 च्या प्रताधिकार कायद्याचं कलम 17 वाचल्यावर कळलं की मोबदला देऊन मुद्दाम करवून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला प्रताधिकार, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे एखाद्याच्या वडिलांचं ऑर्डरचं पोर्ट्रेट वेबसाइटवर टाकायला त्या कुटुंबाची परवानगी हवी. काकांनी फोन लावायला सुरुवात केली आहे. दोन घरांनी आनंदानं लेखी होकार दिला, एका घरानं नको म्हटलं. नको म्हटलेलं नोंदवहीत राहील, वेबसाइटवर नाही. पुढच्या ऑर्डरींसाठी पावतीवरच एक ओळ छापून घेतली.

22 डिसेंबर

'परिचय' लिहिण्यात अपेक्षेपेक्षा फार वेळ गेला.

आधीच्या कॅटलॉगांतला परिचय घेतला. तो जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला. उघडला की नुसती चिन्हं. कन्व्हर्टरनं युनिकोड झालं पण 'दऱ्या'चा 'दर्या' आणि 'किनाऱ्या'चा 'किनार्या' झाला. ओळन् ओळ वाचून सुधारावं लागलं. शोधयंत्राला हे दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून हे निव्वळ शुद्धलेखनाचं काम नव्हे.

मजकुराचीही अडचण होती. पहिला परिच्छेद पूर्ण कोल्हापूरच्या परंपरेवर: आबालाल रहिमान, बाबुराव पेंटर हे जुने चित्रकार. दुसऱ्यात 'सिद्धहस्त', 'रंगांशी तादात्म्य', 'कुंचल्याची जादू'. काकांबद्दल नेमकं काही कळतच नव्हतं. मी विशेषणं काढत गेले तसा मजकूर संपतच आला. मग काकांना समोर बसवून नुसतं विचारलं: कागद कुठला, सकाळी किती वाजता निघता, बसता की उभे राहता, जागेवर चित्र पूर्ण करता का, कुठला रंग पॅलेटमध्ये कधीच नसतो. ("काळा. आणि पांढरा तर नाहीच नाही.") उत्तरं जशीच्या तशी लिहिली, तेच त्यांचं मनोगत झालं. आबालाल आणि बाबुराव पेंटर आहेत, पण काकांच्या वाक्यात: त्यांची चित्रं त्यांनी कुठे पाहिली आणि त्यातून काय घेतलं.

तीन लांबीचे परिचय करून ठेवले: एका ओळीचा, छोट्या परिच्छेदाचा आणि पूर्ण. प्रदर्शनाचे अर्ज, वर्तमानपत्र, डेमोचं पोस्टर, प्रत्येकाला वेगळं माप लागतं आणि ते ऐनवेळी मागतात. हे तिन्ही आणि छपाईजोगा एक फोटो वेबसाइटवरच उतरवून घेता येतो. बातम्यांत नाव चुकीचं छापून येणं यामुळे थांबेल अशी आशा आहे.

5 जानेवारी 2025

बांधणी. ह्यूगो हे पानं बनवून देणारं सॉफ्टवेअर वापरून साधी स्थिर पानं, फुकटच्या होस्टिंगवर. डेटाबेस नाही, अपडेटचा तगादा नाही, हॅक होण्यासारखं फारसं काही नाही. नोंदवहीची सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फाइल काढली की एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक ओळीचं एक पान बनवते. नोंद हेच मूळ, वेबसाइट तिच्यातून निघते.

सीएसव्ही एकदा एक्सेलमध्ये उघडून साठवली आणि सगळं देवनागरी चिन्हांत बदललं. जुनी प्रत होती म्हणून वाचलं. युनिकोड म्हणून आयात केली तरच ती नीट उघडते. मी आता ती लिबरऑफिसमध्येच उघडते आणि उघडताना यूटीएफ-8 (युनिकोड) निवडते.

पानांचे पत्ते आधी मराठीत ठेवले होते. ब्राउझरमध्ये छान दिसतात, पण पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांची चिन्हं आणि आकडे यांची चार ओळींची माळ होते. लोकांना ती फसवी लिंक वाटते. पत्ते रोमनमध्ये केले, चित्राच्या क्रमांकासह.

फॉन्ट टिरो देवनागरी मराठी. फुकट आहे आणि पाकळीचा ल, देठाचा श मराठी वळणाचे आहेत. राज्य शासनाच्या 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयात हीच रूपं दिली आहेत, आणि काकांना दुसरी चालणारही नव्हती. त्यात ठळक वजन नाही, म्हणून शीर्षकं जाड करण्याऐवजी मोठी केली. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगणं विसरू नका; काही फॉन्ट त्यावरूनच ल आणि श ठरवतात.

19 जानेवारी

पहिलं पान काकूंच्या फोनवर उघडायला इतका वेळ लागला की त्यांनी फोन खाली ठेवला. चित्रं फार जड होती. लांब बाजू 1600 पिक्सेल, वेबपी हे हलकं स्वरूप, फोनसाठी वेगळा लहान आकार, खालची चित्रं सरकवल्यावरच उतरतील अशी सोय. पहिलं चित्र मात्र लगेच उतरलं पाहिजे. त्यालाही ती सोय लावली तेव्हा वर पांढरा चौकोनच दिसत राहिला.

व्हॉट्सॲपवर लिंक पाठवल्यावर सोबत चित्र दिसत नव्हतं. आमच्याकडे वेबसाइट लोकांपर्यंत जाणार ती व्हॉट्सॲपवरूनच, त्यामुळे हे सोडून चालणार नव्हतं. पूर्वदृश्याची प्रतिमा 1200 बाय 630 पिक्सेल आणि 300 केबीच्या आत आणल्यावर दिसू लागली. पण आधी पाठवलेल्या लिंकचं पूर्वदृश्य जुनंच राहतं; पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी अक्षर जोडून तपासायचं.

चोरीचा प्रश्न काकांनी काढला. त्यांचं घाटाचं एक चित्र न विचारता एका कार्यक्रमाच्या फलकावर छापलं गेलं होतं, त्याची जखम अजून आहे. मधोमध जलखूण टाकून पाहिली. आभाळाचा वॉश त्याखाली मेला, काकांनीच ती काढायला सांगितली. आता आकार मर्यादित ठेवलाय: 1600 पिक्सेल म्हणजे चांगल्या छपाईला जेमतेम सव्वापाच इंच. फ्लेक्सवाला तेवढ्यावरही मोठं छापू शकतो, हे खरं आहे. प्रत्येक फाइलीच्या माहितीत काकांचं नाव आणि प्रताधिकाराची ओळ आहे. फोननं काढलेल्या फोटोंतलं ठिकाण मात्र आधी पुसलं, नाहीतर घराचा पत्ताच जगाला कळतो. एआयच्या प्रशिक्षणासाठी चित्रं वापरली जाऊ नयेत म्हणून जीपीटीबॉट, गुगल-एक्स्टेंडेड वगैरे नावांपुढे रोबोट्स फाइलमध्ये (वेबसाइटवर कुणी काय गोळा करू नये हे सांगणारी फाइल) मनाई लिहिली. ती विनंती आहे, कुलूप नव्हे. एआयला चित्रशैली उचलता येऊ नये म्हणून केलेलं शिकागो विद्यापीठाचं ग्लेझ हे सॉफ्टवेअरही वापरून पाहिलं. सपाट आभाळांवर त्याचे ओरखडे दिसले, म्हणून सोडलं.

2 फेब्रुवारी

किमती. काकांना त्या लिहिणं बरं वाटत नव्हतं. "विचारतील त्यांना सांगू की." पण विचारायलाच लोक बिचकतात, हे मी मैत्रिणींकडून ऐकलंय. दुसऱ्या बाजूला, गॅलरीत एक किंमत आणि वेबसाइटवर दुसरी असेल तर गॅलरीवाले पुन्हा उभं करणार नाहीत. त्यांचं कमिशन किमतीतच असतं. म्हणून एकच दर, सगळीकडे. क्वार्टर, हाफ आणि फुल इम्पीरियल अशा कागदाच्या मापाप्रमाणे दर एका पानावर दिले, फ्रेमशिवाय. विकलेल्या चित्रापुढे लाल ठिपका. विकलेली चित्रं काढायची नाहीत. काम घेतलं जातं हे नव्या माणसाला त्यावरूनच कळतं.

प्रत्येक चित्राखाली 'या चित्राबद्दल विचारा' असा दुवा. तो दाबला की व्हॉट्सॲप उघडतं आणि चित्राचा क्रमांक आधीच लिहिलेला असतो. 'घाटाचं कुठलं?' हा प्रश्न आता उरणार नाही. यासाठी वेगळं सिमकार्ड घेतलं, काकांचा खासगी नंबर कुठेही नाही.

30 मार्च

पाडवा. काकांचा आग्रह हाच मुहूर्त धरण्याचा होता. सकाळी गुढी उभारल्यावर वेबसाइट सुरू केली.

गेल्या आठवड्यात चार जणांना वापरायला दिली होती आणि मागे उभी राहून नुसतं पाहिलं. फ्रेमवाल्यानं थेट माप शोधलं आणि लगेच सापडलं. एका तरुण चित्रकाराला तारखा आणि कागद हवे होते. शेजारच्या आजींना मागे कसं जायचं ते कळेना, कारण मी मेन्यू तीन रेघांत लपवला होता. रेघा काढून 'चित्रं', 'परिचय', 'प्रदर्शनं', 'संपर्क' असे चार शब्द सरळ वर लिहिले. फोनवरही चार शब्द मावतात.

25 मे

जवळजवळ दोन महिने झाले. गुगलवर काकांचं मराठी नाव टाकल्यावर वेबसाइट वर यायला बरेच आठवडे लागले. नावाची उरलेली दोन स्पेलिंगं पानाच्या संरचित माहितीत (कोडमध्ये शोधयंत्रांसाठी लिहिलेली माहिती) 'पर्यायी नाव' म्हणून दिल्यावर त्यांवरूनही ती सापडू लागली. चित्रांना मराठीत वर्णन दिलंय ('पंचगंगा घाट, सकाळ, जलरंग, 15 x 22 इंच' असं साधं), त्यावरून प्रतिमांच्या शोधातून लोक येतात. रंकाळा शोधणारे सर्वाधिक.

विक्री थोडी झाली, पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. 'ठावठिकाणा नाही' या रकान्यातल्या चित्रांसाठी 'हे चित्र तुमच्याकडे आहे का?' असं एक पान केलं होतं. त्यावरून तीन चित्रं सापडली. एक सांगलीत, एक बेळगावात, एक कोल्हापुरातच, काकांच्या जुन्या शाळेतल्या सहकाऱ्यांच्या घरी. मालकांनी फोटो पाठवले. एका चित्राच्या पाठीवर काकांच्याच हातचं साल होतं, आणि आमचा 'अंदाजे' सहा वर्षांनी चुकला होता. नोंद दुरुस्त केली. तीच कसोटी लावून त्या काळातल्या आणखी काही चित्रांची सालं मागे सरकली, म्हणजे पहिल्या पानावरचा क्रमही बदलला.

आतापर्यंतचा खर्च: डोमेन सातशे, दिवे साडेचार हजार, ग्रे कार्ड चारशे, फ्रेमा उघडणं-बंद करणं आणि नवे माउंट मिळून सुमारे नऊ हजार, दोन हार्ड डिस्क अकरा हजार, वाया गेलेलं सभासदत्व साडेतीन हजार. होस्टिंगला काही नाही. सगळ्यांत जास्त वेळ नोंदवहीला आणि फोटोंना गेला. प्रत्यक्ष पानं बांधायला त्यामानानं फार कमी. कुणाकडून वेबसाइट करून घेणार असाल तर ही दोन कामं आधी घरी करून ठेवा; बाहेरचा माणूस ती तुमच्यासाठी करू शकत नाही.

15 जून

पावसाळा सुरू झाला. मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक कोल्हापुरात वरच्या मजल्यावर, एक माझ्याकडे पुण्यात. नोंदवहीची छापील प्रत काकूंच्या कपाटात.

नव्या चित्राचा क्रम ठरलाय: सही आणि साल, पाठीवर क्रमांक, फ्रेमला जाण्याआधी फोटो, नोंदवहीत ओळ. फोटो तो जुना विद्यार्थी काढतो, ओळ काका स्वतः भरतात. डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल असं लावलंय. पासवर्ड कागदावर लिहून काकूंकडे आणि माझ्या चुलतभावाकडे दिलेत.

स्केचबुकं राहिली आहेत. त्यांत पेन्सिलीची स्थळचित्रं आहेत, बरीचशी दोन्ही बाजूंना काढलेली, आणि शिवण न उलगडता सपाट फोटो कसा काढायचा हे अजून जमलेलं नाही. दिवाळीत पुन्हा बसू.